भाऊंचं कपाट उघडा

प्रति,
मा. अध्यक्ष, संचालक मंडळ आणि सर्व भागधारक,
आपली शेतकरी उत्पादक कंपनी, तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ

अध्यक्ष काका आणि सर्व मंडळींना नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक भागधारक. माझ्या नावावर तीन एकर वावर आहे, आणि गेली नऊ वर्षं मी आपल्याच कारखान्यात झटका मशीनच्या, म्हणजे वावराभोवतीच्या तारेत झटका सोडून रानडुकरं हाकलणाऱ्या यंत्राच्या, जोडणीच्या टेबलावर काम करते. पुढच्या महिन्यात विशेष सभा आहे. विषयपत्रिकेवर तीन विषय आहेत: नवा मुख्य कार्यकारी अधिकारी, बाहेरच्या कंपनीचा प्रस्ताव आणि हे मशीन घडवणाऱ्या आपल्या भाऊंच्या नावाने स्मृतिकक्ष. तिन्हींबद्दल मला बोलायचं आहे. उभं राहून बोलले तर भाऊंचं नाव येताच गळा दाटेल आणि सांगायचं ते राहून जाईल, म्हणून लिहून देते.

भाऊ तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गेले. शोकसभेत एक संचालक म्हणाले, "आपला स्टीव्ह जॉब्स गेला." मागून कोणीतरी धीर दिला, "जॉब्स गेल्यावर ॲपल बुडाली काय? उलट मोठी झाली. आपलंही चालते." सगळ्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. घरी येऊन मुलीला विचारलं. ती यवतमाळला पॉलिटेक्निकला आहे. तिने एकेक शोधून दिलं, इंग्रजीतलं समजावून सांगितलं. दिवाळीपासून आम्ही दोघी रात्री हेच वाचतो आहोत, आणि आता मला वाटतं, शोकसभेत आपण घेतलेला धीर अर्धाच खरा होता.

ॲपल ही अमेरिकेतली संगणक आणि फोन बनवणारी कंपनी, जॉब्स तिच्या संस्थापकांपैकी एक. तिने जॉब्सना दोनदा गमावलं, हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा १९८५ मध्ये. त्यांनीच पेप्सीतून आणलेल्या जॉन स्कली यांच्याशी त्यांचं बिनसलं, संचालक मंडळ स्कलींच्या बाजूने गेलं, जॉब्स बाहेर पडले. आणि पुढे काय झालं पाहा. कंपनी लगेच बसली नाही. १९८५ ला तिची विक्री सुमारे २ अब्ज डॉलर होती, ती १९९३ पर्यंत ८ अब्जांच्या घरात गेली. त्या आठ वर्षांत कोणी म्हटलं असतं, की माणूस गेला तरी कंपनी भरभराटीला आली, तर आकडे त्याच्याच बाजूने होते. पण जुन्या मशीनच्या जोरावर नवी मशीनं विकली जात होती, आणि आतून खोड पोकळ होत होतं. १९९७ च्या वर्षात तोटा १ अब्ज डॉलरवर गेला. त्याच सुमारास जॉब्सची दुसरी कंपनी विकत घेऊन त्यांना परत आणावं लागलं.

दुसऱ्यांदा २०११ मध्ये. ऑगस्टमध्ये त्यांनी पद सोडलं, ५ ऑक्टोबरला ते वारले. या वेळी कंपनी खरंच वाढली. त्या वर्षी विक्री १०८ अब्ज डॉलर होती, २०२२ मध्ये ३९४ अब्ज झाली.

माणूस तोच, कंपनी तीच. मग दोन वेळा दोन तऱ्हा का झाल्या? मी पुन्हा पुन्हा याच ठिकाणी थांबले. पहिल्या वेळी ते भांडून गेले, त्यांचं काम पुढे नेणारं कोणी तयार नव्हतं. दुसऱ्या वेळी टिम कुक १९९८ पासून त्यांच्या शेजारी होते. कुक नव्या वस्तू शोधणारे नव्हते. माल कुठून येतो, किती दिवस पडून राहतो, कारखाना कसा चालतो, हे त्यांचं काम. जॉब्स आजारी पडले तेव्हा २००४, २००९ आणि २०११ मध्ये कंपनी कुकच चालवत होते. म्हणजे घरधनी असताना तीनदा तालीम झाली होती. शिवाय २००८ मध्ये ॲपलने आपल्या माणसांसाठी आतल्या आत शाळा काढली, आपण पूर्वी कोणता निर्णय का घेतला हे शिकवणारी. आणि जाण्याआधी जॉब्सनी कुकना सांगितलं, की मी असतो तर काय केलं असतं हे विचारत बसू नका, जे योग्य तेच करा. मिकी माउसवाले वॉल्ट डिस्ने १९६६ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या कंपनीत माणसं वर्षानुवर्षं हेच विचारत बसली, ते जॉब्सनी पाहिलं होतं.

आता आपलं. भाऊ तीनदा आजारी पडले नाहीत. एकदाच पडले आणि गेले. तालीम झालीच नाही. भाऊंवर माझी किती श्रद्धा आहे तुम्हाला माहीत आहे. मी सोल्डरिंगची कांडी पहिल्यांदा त्यांच्या हातून घेतली, तोवर माझ्या हातात विळाच होता. म्हणूनच हे लिहिताना हात थरथरतो, पण लिहिते: भाऊंनी आम्हाला काम शिकवलं, कामामागचं गणित शिकवलं नाही. विचारलं की म्हणायचे, "बाई, मी हाये ना. तू टाके मार."

कार्तिकात काय झालं ते आठवा. हरभरा उगवून वर आला होता. आपण नव्या लॉटची मशीनं दिली, आणि पंधरा दिवसांत एकामागून एक परत येऊ लागली. टिकटिक चालू, दिवा चालू, पण तारेला दम नाही. डुकरं तारेखालून कुटुंबकबिल्यासह आत. एका म्हाताऱ्या बाबांनी मशीन टेबलावर ठेवून फक्त एवढंच म्हटलं, "भाऊ असते तर असं झालं नसतं." आम्ही आठ दिवस शोधलं. शेवटी कळलं, ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचा माल दुसऱ्या दुकानातून आला होता. भाऊ असा माल आला की गुंडाळीचे वेढे बदलत. किती बदलायचे ते त्यांच्या डोक्यात होतं. आणि प्रत्येक मशीन ते कानाला लावून ऐकत, आवाजावरून सांगत, "हे कच्चं हाये, बाजूले ठेव." आमच्यापैकी एकाचाही कान तेवढा तयार नाही, कारण ऐकायचं काम त्यांनी कधी दुसऱ्याला दिलंच नाही.

ज्या भागधारकांनी मशीन फक्त वापरलं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते, म्हणजे काय हरवतं आहे ते लक्षात येईल. बारा व्होल्टची बॅटरी, वर सोलरची पाटी, आणि तारेत साधारण सेकंदाला एक झटका. व्होल्टेज हजारोंनी, पण क्षणाच्या अगदी लहान तुकड्यापुरतं, म्हणून जनावर दचकतं, मरत नाही. झटका लागायचा तर जनावराच्या पायाखालची जमीन वीज परत आणते. आपल्या काळ्या जमिनीची गंमत इथेच आहे. पावसाळ्यात ती लोण्यासारखी, आणि फाल्गुनात अशा भेगा पडतात की अर्थिंगच्या सळईभोवती पोकळी होते. सळई जमिनीत आहे, पण जमिनीला लागलेली नाही. शहरात तयार झालेलं कितीही भारी मशीन इथे उन्हाळ्यात मुकं होतं. भाऊंनी सळया एकाऐवजी तीन केल्या, खड्ड्यात मीठ-कोळसा भरला, रोज बादलीभर पाणी टाकायला सांगितलं, आणि तारेला गवत लागलं तर मशीनने निराळा आवाज करावा अशी सोय केली. हे त्यांना कुठल्या पुस्तकातून मिळालं नाही. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या वावरांमध्ये रात्री माळ्यावर जागलीला, पीक राखायला, बसून मिळालं.

म्हणून मला जॉब्सपेक्षा दुसऱ्या एका माणसाची गोष्ट जास्त लागली. अमेरिकेतले एडविन लँड. १९४३ मध्ये त्यांच्या लहान मुलीने विचारलं, काढलेला फोटो आत्ताच का दिसत नाही? त्यातून त्यांनी लगेच फोटो देणारा पोलरॉइड कॅमेरा केला. १९८२ मध्ये ते कंपनीतून पूर्ण बाहेर पडले. मागे राहिलेली माणसं हुशार होती, डिजिटल कॅमेऱ्यावर त्यांच्याच प्रयोगशाळेत काम चालू होतं. पण पैसा यायचा तो फिल्मच्या पाकिटांतून. जे येतं आहे त्याला धक्का लावायला कोणी धजलं नाही. २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. आणि हेही सांगायला हवं, की लँड स्वतः चुकले नव्हते असं नाही. १९७७ मध्ये त्यांनी लगेच दिसणाऱ्या चलचित्राचा कॅमेरा आणला, तोवर लोक व्हिडिओ टेपकडे वळत होते. तो कॅमेरा बाजारात साफ आपटला. म्हणजे दूरचं दिसणाऱ्या माणसालाही सगळंच दिसतं असं नसतं.

आता आपल्या त्या आयटीआयवाल्या पोराची गोष्ट घ्या. त्याने मागच्या महिन्यात मंडळासमोर एक मशीन ठेवलं. तार तुटली, गवत लागलं किंवा बॅटरी उतरली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर मिस्ड कॉल येतो. बस, एवढंच. रात्री घरी झोपता येतं, कॉल आला तरच वावरात जायचं. माघात जागलीला जाऊन छाती धरलेल्या माणसाला याची किंमत विचारा. मंडळाने ते परत पाठवलं, कारण भाऊंनी याला नाही म्हटलं होतं. खरं आहे, म्हटलं होतं, मी तिथेच बसले होते. भाऊ म्हणाले होते, "वावरात नेटवर्क कुठी हाये?" त्याला सात-आठ वर्षं झाली. तेव्हा नव्हतं. आज माझ्या धुऱ्यावर उभं राहून मुलगी व्हिडिओ पाहते. भाऊंचं कारण संपलं, तरी त्यांचा नकार आपण जपून ठेवला आहे. भाऊ स्वतः दर दोन वर्षांनी आपलंच मशीन मोडत होते. तेच म्हणायचे, "डुक्कर रोज शिकते बे, तू कवा शिकशीन?" आणि डुकरं खरंच शिकतात. पहिल्या वर्षी तारेपासून दहा हात लांब राहतात, तिसऱ्या वर्षी नाल्यातून वाट काढतात. रोही तर वरून उडी घेतो. आजचं मशीन असंच विकत राहिलो तर चार-पाच वर्षं विक्री होईल, कदाचित वाढेलही. १९८५ नंतर ॲपलचीही वाढली होती.

मोठी झालेली ॲपलसुद्धा या दुखण्यातून पूर्ण सुटलेली नाही. जॉब्सनंतर घड्याळ आलं, कानातले यंत्र आले, स्वतःची चिप आली, पण अजूनही अर्धी विक्री त्याच फोनची आहे, जो २००७ मध्ये जॉब्सनी हातात धरून दाखवला होता. मोटारीवर दहाएक वर्षं काम करून २०२४ मध्ये ते थांबवलं. पैशाची भरभराट झाली, यात शंका नाही. दुसरी भरभराट, जिने लोकांचं जगणं बदलतं, ती तेवढी झाली की नाही याबद्दल माझं मन मला हो म्हणत नाही. आपल्याला यांतली कोणती हवी, हे सभेने आधी ठरवावं.

आपल्याच भागातलं एक उदाहरण मनात घोळतं. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. १९८३ मध्ये त्यांना धानाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी वर्षानुवर्षं निवडून वाढवल्या आणि एचएमटी तांदूळ जन्मला. २०१८ मध्ये दादाजी गेले. तांदूळ गेला नाही, कारण बियाणं स्वतःत सगळं साठवून दुसऱ्याच्या बांधीत जातं, पेरलं की उगवतं. मशीन पेरून उगवत नाही. त्याचं बियाणं वहीत असतं, आणि आपली वही कपाटात आहे.

मुख्य अधिकारी कोण, यावर गावात दोन तट पडलेले मला दिसतात. काही जण म्हणतात, भाऊंच्या मुलाला पुण्याहून बोलवा. तो गुणी आहे. पण माझ्यासमोर तो आपल्या आईला, काकूंना म्हणाला, मला यातलं येत नाही, मला ओढू नका. त्याच्यावर हे ओझं प्रेमाने लादलं तरी ओझंच. अमेरिकेत संगणक बनवणारे आन वांग मोठे शोधक होते. त्यांनी १९८६ मध्ये मुलाला अध्यक्ष केलं, तीन वर्षांत स्वतःच काढलं, पुढच्या वर्षी वारले, आणि १९९२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत. मुलगा असणं वाईट असं मला म्हणायचं नाही. आपल्या महाराष्ट्रातच लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते, आणि त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढे उद्योग कुठल्या कुठे नेला. पण शंतनुराव परदेशात इंजिनिअर होऊन आले होते आणि वडिलांच्या हयातीतच किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात वर्षानुवर्षं राबले होते.

दुसरा तट म्हणतो, दुसरा भाऊ शोधा. तो मिळणार नाही, आणि शोधता शोधता आपण हातातली माणसं दुखवू. माझं मत स्पष्ट सांगते. आपले खरेदी आणि स्टोअर पाहणारे जे सहकारी आहेत, त्यांना हे पद द्यावं. ते शोधक नाहीत, भाषण करत नाहीत. पण कार्तिकातला घोळ कुठून झाला ते त्यांनीच बिलं चाळून काढलं, आणि कोणावर ढकललं नाही. नवीन काढायचं काम त्या पोरावर आणि त्याच्या जोडीदारणीवर सोपवावं, आणि त्यांना वर्षाला काही मशीनं मोडायला द्यावी, हिशेब न विचारता.

मोडतील, फसतीलही. तेव्हा मंडळाने कसं वागावं, याचा नमुना आपल्याच देशात आहे. विक्रम साराभाई ३० डिसेंबर १९७१ रोजी अचानक गेले, वय अवघं ५२. अंतराळाचं सगळं स्वप्न त्यांचं, आणि उपग्रह वर नेणारं आपलं रॉकेट तर अजून कागदावरच होतं. पुढच्या वर्षी इस्रोच्या प्रमुखपदी सतीश धवन आले. स्वभावाने साराभाईंपेक्षा निराळे, मोजकं बोलणारे, शिस्तीचे. १० ऑगस्ट १९७९ ला असं पहिलं रॉकेट समुद्रात पडलं. मोहिमेचे प्रमुख अब्दुल कलाम होते, पण पत्रकारांसमोर धवन स्वतः गेले आणि अपयश आपल्या अंगावर घेतलं. पुढच्या वर्षी १८ जुलैला रॉकेट यशस्वी झालं, तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं. ही हकीकत कलामांनीच पुढे अनेकदा सांगितली. कार्तिकात मशीनं परत आली तेव्हा आपल्या मंडळाने जोडणीवरच्या तीन बायांचा पगार कापायचं ठरवलं होतं. नंतर कापला नाही, पण आम्हाला समोर उभं करून विचारलं ते आम्ही विसरलो नाही. त्यातली एक आता कामावर येत नाही, आणि तिच्याइतके बारीक टाके कोणी मारत नाही.

बाहेरच्या कंपनीच्या प्रस्तावाबद्दल थोडक्यात. त्यांना आपलं नाव आणि साचे हवे आहेत, माणसं नकोत, हे त्यांच्या कागदातच लिहिलं आहे. रक्कम वाईट नाही, आणि कर्ज डोक्यावर असलेल्या भागधारकाला ती हवीशी वाटली तर मी त्याला दोष देणार नाही. पण आपल्या कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचं मत जास्त, असं नसतं. एका सभासदाला एकच मत. तेव्हा प्रत्येकाने मत देण्याआधी एवढं डोळ्यांसमोर आणावं, की उन्हाळ्यात मुकं पडणारं मशीन आपल्याच नावाने विकलं गेलं, तर लोक काय करतील? काही जण पुन्हा लाइनची वीज सरळ तारेत सोडतील. त्यात विदर्भात वाघ मेले आहेत, माणसं मेली आहेत, स्वतःच्याच वावरात पहाटे मोटर चालू करायला गेलेली. भाऊंनी हे मशीन करायला घेतलं ते अशाच एका मरणानंतर. ते घर तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

आणि स्मृतिकक्ष. कारखान्यातलं भाऊंचं लोखंडी कपाट आपण कुलूप लावून बंद केलं, त्यावर फोटो ठेवला, रोज हार बदलतो. आता त्याला काच बसवून ते कायमचं जपायचं, असा ठराव येतो आहे. हार मीही घालते. पण त्या कपाटात तीन वह्या आहेत, लाल पुठ्ठ्याच्या. वेढ्यांचं गणित, कोणत्या गावात कोणती जमीन, कुठे किती सळया, कोणतं मशीन का फसलं, सगळं त्यांच्या तिरक्या अक्षरात. काही खुणा फक्त त्यांनाच कळायच्या. त्यांतल्या काही मला, काही स्टोअरवाल्यांना आणि काही काकूंना ओळखता येतील. आम्ही तिघं एकत्र बसलो तर बरंचसं लागेल, पण जितका उशीर तितकं आमच्याही आठवणीतून जाईल. वह्या उघडाव्या, त्यांची नक्कल करावी, आणि आजपासून प्रत्येक नव्या मशीनची नोंद त्याच तऱ्हेने ठेवावी, हे माझं पहिलं मागणं.

दुसरं एवढंच, की मशीन परत आलं की त्या शेतकऱ्याच्या वावरात एक रात्र आपल्यापैकी कोणीतरी माळ्यावर बसावं. कामगाराने बसावं, अधिकाऱ्याने बसावं, संचालकांनीही आपापल्या पाळीने बसावं. बायांना रात्री पाठवू नये असं म्हणाल तर माझा नवरा सोबत येईल, मी त्याला विचारलं आहे.

सभा मंगल कार्यालयात न घेता कारखान्यात घ्यावी. सतरंज्या आम्ही टाकू, चहाचं आम्ही पाहू. त्या पोराचं मिस्ड कॉलचं मशीन टेबलावर असेल, तार जोडून, सगळ्यांसमोर तोडून दाखवता येईल. कपाटाची किल्ली अध्यक्ष काकांकडे आहे. येताना तेवढी घेऊन या.

आपली,
जोडणी विभागातली एक कामगार आणि भागधारक